वडिलांच्या नावाचा रकाना

पासपोर्टच्या एका फॉर्मवर मी एक नाव मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तोंडाने तर ते कधीच उच्चारलेलं नाही, बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही आणि ज्याचा तो फॉर्म होता त्या मंगेशजवळ तर नाहीच नाही. माझ्याबद्दल लोक म्हणतात, सुधीर मुळातच अबोल आहे. त्यातला निम्मा अबोलपणा मुळातला असेल. उरलेला त्या फॉर्मनंतरचा आहे.

आम्ही तेव्हा चारकोपला राहत होतो. आता तिथे मेट्रो आली आहे आणि जुनी बैठी घरं पाडून लोकांनी मजले चढवले आहेत, पण तेव्हा आमच्या सोसायटीत मधे मोकळं अंगण आणि चहूबाजूंनी एकमेकांना चिकटलेली घरं अशी रचना होती. आमचं घर आणि मंगेशचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. ती सामाईक असल्यामुळे तिच्यातून सगळं ऐकू यायचं. पहाटे त्याच्या वडिलांचं खाकरणं, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग त्याच्या आईच्या, म्हणजे काकींच्या, खलबत्त्यात तिरफळं चेचल्याची टकटक. बांगड्याची आमटी उकळायला लागली की वास आधी आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि माझी आई नाकाला पदर लावून म्हणायची, "आली बाई यांची सकाळ." आम्ही मासे न खाणारे. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई दुपारी शिकवण्या घ्यायची, घरात जेवणही हळू आवाजात व्हायचं. पलीकडे मात्र सगळं मोठ्याने. मी किती तरी संध्याकाळी आईला न सांगता त्या मोठ्या आवाजात जाऊन बसायचो आणि काकी माझ्या ताटात कुळथाची पिठी वाढून म्हणायच्या, "ह्यात मासो नाय हां, आईक सांग."

मंगेशच्या वडिलांना दोन नावं होती. गावाला, मालवणाकडे, ते भिकाजी. मुंबईत अर्जुन. यात लपवाछपवी म्हणावी असं काही नव्हतं; गिरणीत लागताना अशी पुष्कळ माणसं लागली. थोरला चुलतभाऊ अर्जुन आजारी पडून गावी गेला, त्याची जागा फुकट जायला नको म्हणून हे भिकाजी त्याच्या कार्डावर साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले आणि पुढची वीस-बावीस वर्षं खात्यात अर्जुन म्हणूनच हाक ऐकत राहिले. मग रेशनकार्ड अर्जुनचं झालं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मंगेश अर्जुन असं आलं. गिरणी बंद पडली तरी नाव तसंच राहिलं. गावचा सातबारा तेवढा भिकाजीच्या नावावर. काका स्वतः त्यावर हसायचे. म्हणायचे, "अर्जुनान कमवल्यान आणि भिकाजीन खाल्ल्यान."

मंगेशने आयटीआयमधून एसी-फ्रिजचं काम शिकून घेतलं होतं आणि तो तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये जात होता. हाताला फार गुण होता त्याच्या. मस्कतच्या एका हॉटेलसाठी माणसं निवडायला कोणी आलं होतं, त्यांनी बारा जणांतून याला उचललं. ज्या दिवशी ते कळलं त्या संध्याकाळी काकींनी अंगणात सगळ्यांना शिरवाळे वाटले, शेवयांचा तो प्रकार, नारळाच्या गोड रसात बुडवलेला. आमच्या घरीही एक डबा आला. वडिलांनी तो खाल्ला, बोटं पुसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गिरणीवाल्याचा मुलगा विमानात बसतोय. बी.कॉम. झालेले चिरंजीव बिलं खरडतायत." मी तेव्हा एका औषधांच्या एजन्सीत बिलं लिहीत होतो. आईने भर घातली, "अक्षर सुंदर आहे हो पण त्याचं."

अक्षर खरंच सुंदर होतं. सोसायटीतले सगळे फॉर्म माझ्याकडे यायचे. मतदार यादी असो, गॅस असो, शाळाप्रवेश असो, लोक कागद घेऊन यायचे आणि आई चहा ठेवायची. मंगेशही आला. त्याने कोऱ्या फॉर्मवर खाली सही केली, फोटो चिकटवले आणि म्हणाला, "तू भर रे निवांत. मी वाचत बसलो तर उद्या सकाळपर्यंत बसेन. एजंटकडे पण तूच दे, मला सुट्टी नाहीये." आणि तो गेला. मी एकटा टेबलाशी. भिंतीपलीकडे ते सगळे हसत होते, काकी मस्कतला बांगडा मिळतो का असं विचारत होत्या. वडिलांच्या नावाच्या रकान्याशी आलो आणि पेन थांबलं. शाळेच्या दाखल्याची प्रत समोर होती, तिच्यावर अर्जुन. मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत भिकाजी लिहिलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की खरं नाव तर तेच होतं, मनात आलं ते हातातून उतरलं. तसं झालेलं नाही. मला नीट आठवतं, मी मनात हिशेब केला होता की एवढ्याने काही त्याचं जाणं थांबायचं नाही, फक्त लांबेल. चौकशीत अडेल, प्रतिज्ञापत्र लागेल, महिना दोन महिने जातील. तेवढे दोन महिने मला तो इथे हवा होता, आणि तेवढे दोन महिने माझ्या वडिलांचं तोंड बंद हवं होतं. कोणी पकडलंच तर उत्तरही तयार होतं. म्हणजे पेन उचलण्याआधीच मी पुढचं खोटं शिवून ठेवलं होतं.

पोलिस चौकशीचा निरोप आला तेव्हा मंगेशने वडिलांना चार-चारदा बजावलं, "बाबा, नाव विचारलं की अर्जुन सांगा. गावचं नाव काढू नका." आदल्या संध्याकाळी मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि पलीकडून काकांचा आवाज येत होता. शाळेतलं पोर पाढा म्हणतं तसं ते म्हणत होते, "माझं नाव अर्जुन. माझं नाव अर्जुन." मी उठून रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी हवालदार साध्या कपड्यांत आला. मंगेश कामावर, काकी मार्केटला. शेजारी म्हणून सही करायला काकांनी मला बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. हवालदाराने फाईल गुडघ्यावर ठेवून विचारलं, "वडील ना तुम्ही? नाव?" आणि काकांनी अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "अर्जुन!" हवालदाराने फाईलकडे पाहिलं, पुन्हा काकांकडे पाहिलं, "बरं," म्हणाला, काही तरी लिहिलं, माझी सही घेतली आणि चहा पिऊन गेला. काका माझ्याकडे वळून हसले. "बरोबर सांगितलंय मा?" मी म्हटलं, "एकदम बरोबर, काका."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जातलं वडिलांचं नाव आणि चौकशीत सांगितलेलं नाव जुळत नाही, खुलासा करावा. कुठे कोणतं नाव, ते पत्रात नव्हतं. मी ते अडखळत वाचून दाखवलं आणि मंगेशने दुसरा काही विचारच केला नाही. फॉर्म सुधीरने भरलेला, म्हणजे तो बरोबरच असणार. चूक तोंडाची. तो वडिलांवर तुटून पडला.

"एक नाव! एक नाव सांगायचं होतं तुम्हाला!"

"झिला, मी अर्जुनच सांगितलंय रे. देवाशप्पथ."

"मग पोलिसाने काय स्वप्नात ऐकलं भिकाजी?"

"सुधीर थंय उभो होतो. त्याका इचार."

मंगेश माझ्याकडे वळला. काकाही. काकींच्या हातात झारा होता, त्या दारात तशाच थांबल्या. "सुध्या, तू होतास ना? काय म्हणाले हे?" फॉर्मवर लिहिलं ते एक पाप, पण ते एकट्याने, बंद खोलीत केलेलं होतं. हे दुसरं सगळ्यांच्या समोर झालं. मी म्हटलं, "मी तेव्हा पाणी आणायला आत गेलो होतो. मला ऐकू नाही आलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. बसस्टॉपवर उभं असताना आपली बस न थांबता निघून जावी तसं काही तरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी मान खाली घातली.

प्रतिज्ञापत्राची सगळी धावपळ मीच केली, दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून. त्यात माझा स्वार्थ होता, फाईल दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये. मंगेश म्हणायचा, "सुध्या नसता तर माझी पूर्ण वाट लागली असती." पासपोर्ट पुढे कधी तरी आला असता, पण मस्कतवाले थांबले नाहीत. त्यांनी त्या बारांतलाच दुसरा माणूस उचलला. आणि मंगेशने वडिलांशी बोलणं टाकलं. एका खोलीच्या घरात चार महिने! "आई, त्यांना सांग जेवायला बसा म्हणून." काका दीड हातावर बसलेले. "आई, त्यांना सांग चावी ठेवलीय." भिंतीतून आता खलबत्ता तेवढा ऐकू यायचा. काकींनी मोठ्याने बोलणं सोडलं. मंगेश नालासोपाऱ्याला भाड्याची खोली बघतोय असंही कानावर आलं.

तेव्हा मी ठरवलं की याला कुठे तरी लांब न्यायचं आणि सांगायचं. इथे, या भिंतीजवळ, ते माझ्याने होणार नव्हतं. एजन्सीतला एक सेल्समन नेपाळला जाऊन आला होता, त्याच्याकडून कळलं की तिथे पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. मी दोन स्वस्तातली तिकिटं काढली, शुक्रवारी जायचं आणि रविवारी परत. मंगेशला सांगितलं तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला. "म्हणजे पासपोर्ट नसलेल्यांचा परदेश? चल. मस्कत नाही तर नाही." मी मनाशी तीन दिवसांची मुदत घातली. आजवर कुठल्याही गोष्टीचा इतका पक्का निश्चय मी केलेला नव्हता. परीक्षेआधी पाठ करतात तशी वाक्यं मी पाठ केली होती. पहिलं वाक्य होतं, "मंग्या, भिकाजी मी लिहिलं."

निघताना काकींनी घावन आणि लसणीची चटणी बांधून दिली. काका रिक्षापर्यंत आले. मुलाशी बोलायची सोय नव्हती म्हणून ते माझ्याशी बोलले. "थंयसर थंडी असतली. त्याका स्वेटर घालूक सांग." मंगेश आत बसून समोर बघत होता. स्वेटर त्याच्या मांडीवरच होता.

विमानात तो लहान मुलासारखा वागला. खिडकीला नाक लावून बसला, हवाईसुंदरीकडून दोनदा लिमलेटच्या गोळ्या घेतल्या, डोक्यावरच्या गार हवेच्या भोकाचं झाकण फिरवून ते कसं चालतं याचा अभ्यास केला. उतरल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून माझं मनगट ओढलं. "तुझं घड्याळ मागे पडलंय." मी म्हटलं, "इथली वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असते." त्याला ते पटेना. "पंधरा मिनिटं? अरे, एवढ्यासाठी कोण वेगळा देश काढतं? आमच्या वर्कशॉपचं घड्याळ याच्यापेक्षा जास्त पुढे आहे, यार."

काठमांडूत एका गल्लीत, खाली शालींचं दुकान आणि वर खोल्या, असं लॉज मिळालं. मालक पोटाला मफलर गुंडाळून बसलेला, हिंदी बोलणारा. त्याने जाडजूड रजिस्टर पुढे सरकवलं. सवयीने मंगेशने पेन माझ्या हातात दिलं. "लिही, लेखनिक." रकाने देवनागरीत होते, म्हणून सरळ वाचता येत होते. नाम. ठेगाना, म्हणजे पत्ता. बाबुको नाम. मंगेश वाकून वाचायला लागला. "बाबूचं नाव? अरे, आमच्याकडे बाबू म्हणजे बारकं पोर! ओ भाईसाब, हमारा अभी शादी नहीं हुआ, बाबू किधर से आएगा?" मालक खो खो हसला. "बाबु मतलब पिताजी. पिताजी का नाम."

मंगेशचं हसू तिथल्या तिथे विरलं. मी माझ्या वडिलांचं नाव लिहिलं आणि त्याच्या ओळीवर आलो. त्याच रकान्यावर, त्याच माणसाच्या नावाशी, पेन घेऊन पुन्हा मीच. यापेक्षा चांगली वेळ कोणती आली असती! पाठ केलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. पण तो म्हणाला, "लिही काहीही. इथे दोन्ही चालतील," आणि बॅगा उचलून जिन्याकडे गेला. मी अर्जुन लिहिलं.  मालकाने रजिस्टर ओढून घेतलं आणि किल्ली पुढे केली.

त्या दिवशी सांगणं झालं नाही. वाफेवरचे मोमो खाल्ले, ते आपल्या मोदकांचे तिखट भाऊ आहेत असं मंगेशने जाहीर केलं, आणि भटकून पाय दुखले म्हणून झोपलो. मी स्वतःला सांगितलं, उद्या.

शनिवारी सकाळी कळलं की नेपाळात सुट्टी शनिवारची असते आणि रविवारी माणसं कामावर जातात. मंगेशला याचंही फार नवल वाटलं. "आपण वीकेंडला म्हणून आलो आणि यांचा वीकेंड एकच दिवसाचा. फसवलंस तू मला." फसवलंस हा शब्द तो हसत म्हणाला होता. आम्ही खच्चून भरलेल्या बसने भक्तपूरला गेलो. तिथे एका चौकात पाच छपरांचं उंच देऊळ आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दगडी पहिलवान, हत्ती, सिंह बसवले आहेत. सुट्टी म्हणून सगळं गाव उन्हात. बायका पायऱ्यांवर लोकर विणत होत्या, म्हातारे टोप्या घालून पत्ते खेळत होते. आम्ही हत्तीच्या पायाशी टेकून मातीच्या वाडग्यातलं दही खाल्लं. इतकं घट्ट की चमचा उभा राहावा, आणि साखर घातली आहे की दूधच गोड आहे ते कळू नये असं. आजही कुठे मातीच्या भांड्यातलं दही दिसलं की मी नको म्हणतो. बायकोला वाटतं, मला दही बाधतं.

मंगेशने वाडगा बोटाने पुसून चाटला आणि पाय पसरले. शेजारी एक म्हातारा आपल्या मुलाला पत्त्यांत हरवून मोठमोठ्याने चिडवत होता. मुलगाही चाळिशीचा असेल. तो बापाच्या टोपीवर टपली मारायचा आणि बाप खदाखदा हसायचा. मंगेश त्यांच्याकडे बराच वेळ बघत होता. मी खाकरलो. आता. मी म्हटलं, "मंग्या, एक सांगायचंय."

"थांब, आधी माझं ऐक," तो म्हणाला. "काल विमानात बसलो ना, तेव्हा म्हाताऱ्याची आठवण झाली. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर उभा राहिला रे तो. अर्जुन अर्जुन ऐकत. आणि पोलिसासमोर तोंडातून खरं नाव निघालं असेल, तर त्यात त्याचा काय गुन्हा? मी उगाच जीव खाल्ला त्याचा. माफ केलं मी त्याला. तू सांग, बरोबर केलं ना?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहायचं तर फार लाज वाटते, पण हे प्रकरण त्यासाठीच लिहायला घेतलं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. भांडण मिटत होतं, बाप-लेक बोलणार होते, आणि मला काहीही करावं लागत नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर केलंस."

"तुझं काय होतं?"

"काही नाही. दही अजून एक घेऊया का, विचारत होतो."

चौकाच्या कोपऱ्यावर फोनबूथ होता. मंगेश म्हणाला, आत्ताच करतो, नाही तर घरी गेल्यावर तोंड उघडायचं नाही. त्यांच्याकडे फोन नव्हता, आमचाच नंबर ते देत. माझ्या आईने उचलला, भिंतीवर लाटणं ठोकलं, आणि काका धावत आले ते मला बूथच्या उघड्या दारातून ऐकू आलं, कारण काका फोनवर असे बोलत की फोन नसता तरी चाललं असतं.

"हॅलो! कोण? मंगेश? खंय असस रे?"

"नेपाळात, बाबा."

चार महिन्यांनी त्यांना 'बाबा' ऐकू आलं होतं. मग, "जेवलस?"

"दही खाल्लं."

"दह्यान पोट भरता? स्वेटर घातलस?"

"घातलाय." घातला नव्हता. "बाबा, ऐका. त्या नावाचं आता जाऊ दे. तुम्ही काय मुद्दाम नाही केलं. माझ्या मनात काही नाही."

आता काका काय म्हणतील ते मला माहीत होतं. ते म्हणणार, झिला, मी अर्जुनच सांगितलंय. चार महिने ते हेच म्हणत आले होते, शपथा घेऊन, जेवणाचं ताट सारून. मी बूथच्या चौकटीला धरून उभा होतो. ते पुन्हा तसं म्हणाले असते तर मंगेश पुन्हा भडकला असता आणि मग मला बोलावंच लागलं असतं. मी बोललो असतो असं मला अजूनही वाटतं.

काका म्हणाले, "चुकलंय रे झिला. माझ्याच तोंडातसून भिकाजी इलो. माका तेव्हाच कळला होता, सांगूक लाज वाटली."

मंगेशने रिसीव्हर छातीशी धरला आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. पलीकडून काका ओरडत होते, "हॅलो? हॅलो? हयसर काय ऐकाक येणा नाय!" मी रिसीव्हर घेतला. म्हटलं, "काका, मी सुधीर." मग हळू आवाजात, त्यांचा तसा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला, म्हणाले, "त्याका बरो घेऊन ये." एवढंच. काका जे बोलले ते खोटं आहे, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक भक्तपूरला उभा होता आणि दुसरा चारकोपला, आमच्या टेलिफोनशी.

त्यांनी असं का केलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुलाचं बोलणं परत मिळावं म्हणून, हे उघडच आहे. मला वाचवण्यासाठी असेल का? फॉर्म मी बिघडवला हे त्यांनी ओळखलं होतं का, की मी खरंच पाणी आणायला गेलो होतो असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं? मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी मला ताटावरून उठवलं नाही. परत आल्यावर काकींनी पुन्हा पिठी वाढली. भिंतीपलीकडे पुन्हा सगळं मोठ्याने सुरू झालं. मंगेशने नालासोपाऱ्याचा विषय सोडला.

पुढे ती घरातली गंमतच होऊन बसली. मंगेशचं लग्न ठरलं तेव्हा तो होणाऱ्या बायकोला माझ्यासमोर म्हणाला, "बाबांनी नाव चुकवलं म्हणून तू मिळालीस, नाही तर मी मस्कतला असतो." ती म्हणाली, "म्हणजे माझ्या नशिबाला पण तेच जबाबदार." काका हसायचे. दर गणपतीत, दर बारशाला कोणी ना कोणी तो किस्सा काढायचं, "काका, तुमचं आजचं नाव काय?" आणि काका हात जोडून म्हणायचे, "आज अर्जुन. उद्याचा उद्या." मीही हसायचो. हसलो नसतो तर दिसून आलं असतं.

काका आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेलो नाही. ऑफिसात ऑडिट आहे असं सांगितलं. ऑडिट नव्हतं. एकट्याने त्यांच्या उशाशी बसायची वेळ येईल याची मला भीती होती. ते गेल्यावर मात्र गेलो, सगळे दिवस मंगेशबरोबर राहिलो, बाजारहाट केला. दिवस झाल्यावर माणसं पांगली आणि मंगेश बापाच्या फोटोकडे बघत म्हणाला, "सुध्या, आमचा बाबा आयुष्यात एकदाच चुकला रे. आणि त्या एकदासाठी मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची समजूत घातली. माझ्या हातून घडलेल्या सगळ्यांत मला सर्वांत जास्त टोचतो तो हा पाठीवर ठेवलेला हात.

आता मंगेश बोरिवलीला राहतो. एसी दुरुस्तीचं त्याचं स्वतःचं दुकान आहे, हाताखाली माणसं आहेत, मुलगी इंजिनिअर झाली. मस्कतला गेला असता तर यापेक्षा बरं झालं असतं की वाईट, हे मला माहीत नाही आणि तो हिशेब माझ्या बाजूने मांडायचा मला हक्कही नाही. हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा मी मित्रांना म्हणालो होतो, चारकोपच्या दिवसांतल्या चार गमती लिहितोय. मंगेश म्हणाला, "बाबांच्या नावाची घे हां नक्की." घेतली आहे. पण त्याने ती माझ्या तोंडून ऐकण्याआधी छापून आलेली वाचावी हे बरोबर नाही. मी येत्या रविवारी बोरिवलीला जाणार आहे. कागद नेणार नाही.

मंगेश, तुझ्या वडिलांनी त्या दिवशी अर्जुनच सांगितलं होतं, मोठ्याने आणि स्पष्ट, आणि मी तिथेच उभा होतो. भिकाजी मी लिहिलं. हे तुला तोंडाने सांगणं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.